बटाट्याच्या जमिनीतील किडींवर मित्र सूत्रकृमी : कीड ओळखण्यापासून मेलेली अळी तपासण्यापर्यंत

बटाटा वर हिरवागार दिसतो आणि काढणीला कंद उपटले की भोके, पोखरण, कुरतडलेले खड्डे समोर येतात. जमिनीतल्या किडीवर वरून केलेली फवारणी फारशी पोहोचत नाही. जमिनीत स्वतः हिंडून किंवा दबा धरून अळी गाठणारे मित्र सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, तिथे कामी येतात. मात्र हा जिवंत माल आहे. पुडा फोडला, पाण्यात ओतला, फवारला अशा पद्धतीने वापरला तर पैसे पाण्यात जातात, आणि मग 'हे काही चालत नाही' असा शेरा मारला जातो. बहुतेक अपयश सूत्रकृमींच्या जातीचे नसते. ओलावा, ऊन आणि वेळ यांत ते असते. म्हणून पायऱ्या क्रमाने वाचा. घाई असेल तरी ५, ६ आणि ७ या पायऱ्या सोडू नका.

आधी एक गैरसमज दूर करा

बटाट्याला सूत्रकृमींचा रोगही होतो. मुळांवर गाठी करणारे आणि कंदाभोवतीच्या मुळांवर सोनेरी-पांढरे पुटकुळीसारखे दाणे धरणारे सूत्रकृमी पिकाचे शत्रू आहेत. त्यांच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो आणि तो मुळात खुपसून ते रस शोषतात. मित्र सूत्रकृमींना असा अवयव नसतो, त्यामुळे ते झाडाला इजा करू शकत नाहीत. उलट बाजूही ध्यानात ठेवा : मुळांवर गाठी आहेत म्हणून मित्र सूत्रकृमी सोडण्यात अर्थ नाही. ते कीटकांसाठी आहेत.

त्यांचे काम असे चालते. जमिनीत मोकळी फिरणारी त्यांची अवस्था साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लांब असते. ती काही खात नाही, अंगातल्या चरबीवर जगते. अळी सापडली की तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रातून आत शिरते आणि आपल्या आतड्यात जपलेले जिवाणू तिच्या रक्तात सोडते. स्टायनर्नेमा कुळातले सूत्रकृमी झेनोऱ्हॅब्डस जिवाणू नेतात, हेटरोऱ्हॅब्डिटिस कुळातले फोटोऱ्हॅब्डस नेतात. अळी बहुधा दोन-तीन दिवसांत मरते. सूत्रकृमी त्या मृत अळीत वाढतात, पिलावतात आणि एक-दोन आठवड्यांत हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात. माणूस, जनावरे, गांडुळे यांना त्यांच्यापासून धोका नाही, आणि काढणीआधी थांबण्याचा कालावधी पाळावा लागत नाही.

पायरी १ : कीड नक्की कोणती ते उकरून पाहा

अंदाजाने माल मागवू नका. शेतात आठ-दहा ठिकाणी, झाडाच्या बुंध्याजवळ, एक फूट लांब-रुंद आणि अर्धा फूट खोल माती उकरा आणि गोणपाटावर पसरून चाळा.

- हुमणी : इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची, सहा पायांची अळी. कंदावर रुंद, उथळ खड्डे दिसतात. सूत्रकृमींचा सर्वांत चांगला उपयोग होणाऱ्या किडींपैकी ही एक आहे, पण अळी लहान असतानाच.
- देठ कुरतडणारी अळी (कटवर्म) : सकाळी कोवळी झाडे जमिनीलगत कापलेली दिसतात. त्याच झाडाशेजारची दोन बोटे माती बाजूला केली की मातकट, गुळगुळीत, हात लागताच वेटोळे करणारी अळी सापडते. हिच्यावर चांगला परिणाम मिळतो.
- पाकोळीची अळी (पोटॅटो ट्यूबर मॉथ) : पानात पोखरण, कंदात डोळ्याजवळून शिरलेली बारीक भोके आणि तोंडाशी काळपट विष्ठा. पानाच्या किंवा कंदाच्या आत असलेल्या अळीपर्यंत सूत्रकृमी क्वचितच पोहोचतात. कोष करायला मातीत उतरलेली अळी मात्र त्यांच्या तावडीत सापडते. इथे त्यांना पूरक उपाय समजा. मुख्य उपाय म्हणजे कंद मातीखाली झाकलेले ठेवणे.
- वायरवर्म : तारेसारखी टणक, चकचकीत, पिवळसर-तांबूस अळी. कंदात खिळा ठोकल्यासारखे सरळ भोक पाडते. हिची कातडी कडक असते, तोंडाशी दाट केस असतात आणि श्वसनछिद्रेही बंदोबस्तात असतात. त्यामुळे निकाल बेभरवशाचे मिळतात. फक्त वायरवर्मसाठी सूत्रकृमींवर मोठा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.
- कोलोरॅडो भुंगेरा : जिथे हा आढळतो तिथे त्याची पूर्ण वाढलेली अळी कोषासाठी जमिनीत उतरते. तेवढ्याच काळात सूत्रकृमींना संधी असते.
- बिनशंखाची गोगलगाय : कंदाला बाहेरून लहान भोक आणि आत मोठी पोकळी. हिच्यासाठी वेगळे सूत्रकृमी लागतात, त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

किती अळ्या सापडल्या, किती मोठ्या होत्या आणि किती खोल होत्या, हे लिहून ठेवा. शेवटी परिणाम पाहताना हीच नोंद लागते.

पायरी २ : किडीप्रमाणे जात निवडा

'मित्र सूत्रकृमी' एवढेच छापलेला पुडा घेऊ नका. जातीजातींच्या सवयी वेगळ्या आहेत.

स्टायनर्नेमा कार्पोकॅप्सी दबा धरून बसणारा आहे. तो मातीच्या वरच्या थरात राहतो, शेपटीवर उभा राहून डुलतो आणि जवळून जाणाऱ्या अळीवर झेप घेतो. म्हणून रात्री जमिनीवर हिंडणाऱ्या कटवर्मसाठी तो उत्तम. खोलवर मुळाशी बसलेल्या हुमणीसाठी तो चुकीची निवड ठरतो, कारण हुमणी त्याच्याकडे येत नाही आणि तो हुमणीकडे जात नाही.

हेटरोऱ्हॅब्डिटिस बॅक्टिरिओफोरा आणि हेटरोऱ्हॅब्डिटिस इंडिका शोधत फिरणारे आहेत. ते मातीत खाली उतरतात. त्यांच्या तोंडाशी बारीक दात असतो आणि अळीच्या पातळ कातडीतूनही ते आत शिरू शकतात. हुमणीसाठी हेच घ्या. मातीचे तापमान साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर बॅक्टिरिओफोरा चालतो. इंडिका उष्ण जमिनीत अधिक तग धरतो.

स्टायनर्नेमा फेल्टी या दोन्हींच्या मधला आहे आणि थंडीत चालतो. माती १० अंशांच्या आसपास असतानाही तो काम करतो. थंड हंगामातल्या बटाट्यात कटवर्म किंवा मातीत उतरणारी पाकोळीची अळी असेल तर याचा विचार करा.

गोगलगायीसाठी फॅस्मऱ्हॅब्डिटिस कुळातले सूत्रकृमी लागतात. वर सांगितलेल्यांपैकी कोणीही गोगलगायीला आवर घालत नाही. फॅस्मऱ्हॅब्डिटिस हर्माफ्रोडिटा चौरस मीटरला ३ लाख या प्रमाणात, कंद भरायला लागले की, म्हणजे काढणीच्या सहा-सात आठवडे आधी सोडतात. गोगलगाय लगेच मरत नाही. आधी काही दिवसांत तिचे खाणे थांबते, पाठीवरचा भाग सुजतो आणि ती मातीतच मरते. मेलेल्या गोगलगायी वर दिसत नाहीत, म्हणून औषध फसले असे समजू नका. मोठ्या शंखाच्या गोगलगायींवर मात्र याचा भरवसा नाही.

परदेशी जाती आणण्यावर अनेक देशांत निर्बंध असतात. आपल्या भागात नोंदणी असलेलीच जात घ्या.

पायरी ३ : किती लागतील याचा हिशोब

नेहमीचे प्रमाण चौरस सेंटिमीटरला २५ सूत्रकृमी. म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख, एकराला सुमारे १०० कोटी आणि हेक्टरला २५० कोटी. हुमणीचा त्रास मोठा असेल तर याच्या दुप्पट लागतात. आकडे पाहून दचकू नका, एका लहान पुड्यात कोट्यवधी मावतात. पण 'एकरी एक पुडा' असा हिशोब कधीच करू नका. पुड्यावर वजन मोठ्या अक्षरात आणि संख्या बारीक अक्षरात असते. तुम्हाला संख्या हवी आहे.

बटाट्यात खर्च वाचवायची सोय आहे. सगळ्या शेतावर न मारता फक्त वरंब्यावर पट्टा मारा. उदाहरणार्थ २,००० चौरस मीटर क्षेत्र, दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर आणि वरंब्यावर ३० सेंटिमीटरचा पट्टा. मारायचे क्षेत्र निम्मे, १,००० चौरस मीटर. अडीच लाखांप्रमाणे २५ कोटी सूत्रकृमी पुरतात. पाणी २०० लिटर धरले तर १६ लिटरचे साडेबारा पंप होतात आणि दर पंपात २ कोटी सूत्रकृमी जायला हवेत.

हे प्रमाण साधायचा सोपा मार्ग म्हणजे मूळ द्रावण. साडेबारा लिटर पाण्यात सगळे २५ कोटी कालवा. आता एका लिटरात २ कोटी झाले. दर पंपात या द्रावणाचे एक लिटर आणि साधे पाणी १५ लिटर. अर्ध्या पंपाला अर्धा लिटर.

आदल्या दिवशी साधे पाणी भरून त्याच चालीने त्याच वरंब्यांवर पंप मारून पाहा. सोळा लिटरमध्ये हिशोबाप्रमाणे सुमारे २६७ मीटर ऐवजी ८० मीटरच ओळ होत असेल तर तेवढे पाणी आणि त्याप्रमाणे मूळ द्रावण बदलावे लागेल. पण मग आपल्या शेतात ओळींची एकूण लांबी किती, हे मोजलेले हवे. ते आधी मोजा.

पायरी ४ : लागणाऱ्या वस्तू

- फ्रीजमध्ये जागा किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवता येईल अशी थंड पेटी
- १० ते २० पट दाखवणारे भिंग, काळी किंवा पारदर्शक बशी, ड्रॉपर
- १ मिलिलिटरची सिरिंज आणि लिटरचे माप
- मातीत खुपसायचा थर्मामीटर
- कीटकनाशक कधी न गेलेला, निदान तीन वेळा साबणाने धुतलेला पंप
- रुंद छिद्राचे नोझल किंवा झारी
- ढवळायला लाकडी पट्टी, दोन बादल्या
- मेलेल्या अळ्या ठेवायला झाकणाच्या लहान डब्या

पायरी ५ : माल घेताना आणि ठेवताना

लेबलवर पाच गोष्टी शोधा : जातीचे पूर्ण नाव, जिवंत सूत्रकृमींची संख्या, उत्पादनाची तारीख, वापरण्याची शेवटची तारीख, साठवणीचे तापमान. यातली एकही नसेल तर माल परत करा. विक्रेत्याने पुडा उघड्या फळीवर, कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी ठेवला असेल तर तारीख कितीही ताजी असो, घेऊ नका.

स्टायनर्नेमाच्या बहुतेक जाती ४ ते १० अंशांवर ठेवतात. इंडिकासारख्या उष्ण भागातल्या जातींना इतकी थंडी सोसत नाही, त्यांना साधारण १२ ते १५ अंश लागतात. म्हणून लेबलवरचेच तापमान पाळा. बर्फाच्या कप्प्यात कोणतीच जात ठेवू नका, गोठलेला माल मेलेला असतो. पुडे एकावर एक दाबून रचू नका, सूत्रकृमींना हवा लागते. वाहतुकीत बर्फाची पिशवी पुड्याला थेट चिकटवू नका, मध्ये कापड ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत तासभर राहिलेला पुडा बाहेरून जसाच्या तसा दिसतो, आत सगळे संपलेले असते.

शक्यतो हवामान आणि पाण्याची पाळी ठरवूनच माल मागवा. दिवसागणिक त्यांच्या अंगातली चरबी कमी होत जाते, आणि जिवंत असले तरी उपाशी सूत्रकृमी अळीत शिरायला कमकुवत असतात.

पायरी ६ : जिवंत आहेत का, ते मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर दोष कुठला तेच कळत नाही. वेळ लागतो पंधरा-वीस मिनिटे.

आदल्या संध्याकाळी पुड्यातली चिमूटभर पूड किंवा जेल बशीत खोलीच्या तापमानाच्या पाण्यात टाका. अर्धा तास थांबा. थंडीतून काढलेले सूत्रकृमी सुस्त असतात, लगेच पाहिले तर सगळे मेल्यासारखे वाटतात. मग काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूने उजेड पाडून भिंगातून पाहा. जिवंत फेल्टी किंवा बॅक्टिरिओफोरा नागमोडी वळवळतात. कार्पोकॅप्सीचा स्वभाव मात्र पडून राहण्याचा. तो जिवंत असून इंग्रजी 'जे' अक्षरासारखा किंवा जवळजवळ सरळ पडलेला असू शकतो, म्हणून टाचणीच्या टोकाने हळूच डिवचा. हलला तर जिवंत. मेलेले सूत्रकृमी सुईसारखे ताठ, सरळ असतात आणि डिवचले तरी हलत नाहीत.

दुसरी मोजणी मूळ द्रावण तयार झाल्यावर. पायरी ३ च्या हिशोबात एका मिलिलिटरमध्ये २०,००० असायला हवेत. द्रावण नीट ढवळून, ढवळतानाच १ मिलिलिटर घ्या आणि १ लिटर पाण्यात टाका. आता मिलिलिटरला २० यायला हवेत. हेही ढवळत पाच वेळा एकेक मिलिलिटर बशीत घेऊन मोजा. पाचांची बेरीज १०० च्या आसपास आली तर पुड्यावरची संख्या खरी. त्यातले ८५ हलत असतील तर माल चांगला. ७० हलत असतील तर तेवढ्याच द्रावणात कमी क्षेत्र करा. निम्मेच हलत असतील तर फवारू नका, विक्रेत्याला कळवा. एकूण संख्याच ५०-६० आली तर आधी ढवळण्यात चूक झाली का ते पाहून पुन्हा मोजा.

पायरी ७ : वेळ, माती आणि ओलावा

सगळा खेळ इथे आहे. सूत्रकृमी मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून सरकतात. माती कोरडी असेल तर पापुद्रा तुटतो आणि ते जागच्या जागी सुकतात. माती चिखल झाली तर कणांमधली हवा संपते आणि ते गुदमरतात. त्यांना हवी ती वाफशाची अवस्था : मूठ आवळली की गोळा होतो, हातातून पाणी गळत नाही, आणि अंगठ्याने दाबला की गोळा फुटतो. सुदैवाने बटाट्यालाही नेमकी हीच अवस्था मानवते. कंद धरण्याच्या काळात माती सुकू न देणे कंदावरच्या खवल्या रोगाविरुद्धही उपयोगी पडते, आणि भेगा न पडल्याने पाकोळीच्या अळीला कंदापर्यंतची वाट मिळत नाही.

क्रम असा ठेवा.

अ) सोडण्याच्या एक-दोन दिवस आधी पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या.

आ) १० सेंटिमीटर खोलीवरचे तापमान पाहा. निवडलेल्या जातीच्या कक्षेत नसेल तर थांबा. हवेचे तापमान पाहून निर्णय घेऊ नका.

इ) सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी सोडा. उन्हातले अतिनील किरण त्यांना काही मिनिटांत निकामी करतात. ढगाळ दिवस असेल तर थोडी सवलत मिळते, दुपारची मात्र नाही.

ई) सोडल्यावर लगेच, पाने सुकायच्या आत, ६ ते १२ मिलिमीटर पाणी तुषाराने द्या. म्हणजे चौरस मीटरला ६ ते १२ लिटर. पानांवर आणि ढेकळांवर अडकलेले सूत्रकृमी धुऊन मातीत उतरणे, हा या पाण्याचा हेतू आहे.

उ) पुढचे दोन आठवडे वरचा थर सुकू देऊ नका. थोडे पण वारंवार पाणी द्या.

इथे एक खरा पेच आहे. संध्याकाळी तुषाराने पाणी दिले की पाने रात्रभर ओली राहतात, आणि थंड-दमट हवेत उशिराच्या करप्याला तेच हवे असते. शेजारी करपा दिसू लागला असेल किंवा हवा तशी असेल तर पहाटे, उजाडण्याच्या तासभर आधी सोडा आणि लगेच पाणी द्या, म्हणजे उन्हाने पाने लवकर सुकतील. ठिबक असेल तर प्रश्नच मिटतो. करपा शेतात शिरलेला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, सूत्रकृमी थांबतील.

सरीने पाणी देत असाल तर अडचण वेगळी. सरीतले पाणी वरंब्यात झिरपते, वरून खाली धुऊन नेत नाही. अशा वेळी वाफशावर, पाण्याचे प्रमाण वाढवून झारीने वरंब्यावर आळवणी करा आणि लगेच मातीची हलकी भर लावा. भर लावण्याची पाळी आणि सूत्रकृमी सोडण्याची पाळी जुळवली तर मजुरीही वाचते.

किडीप्रमाणे दिवस ठरवा. कटवर्मसाठी पहिली कापलेली झाडे दिसताच, खोड कडक होण्याआधी. हुमणीसाठी अळी लहान, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असताना. अंगठ्याएवढी जाड झालेली हुमणी सूत्रकृमींना दाद देत नाही, मग प्रमाण दुप्पट करूनही हाती थोडेच लागते. कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी मोठ्या अळ्या झाडावरून उतरू लागताच.

भारी काळ्या जमिनीत सूत्रकृमी दूर सरकू शकत नाहीत, रेताड-पोयट्याच्या जमिनीत सहज फिरतात. भारी जमिनीत पाणी जास्त वापरून त्यांना किडीच्या जवळ नेऊन सोडावे लागते.

पायरी ८ : मिश्रण आणि सोडणे

पाणी गार, स्वच्छ आणि ३० अंशांच्या खाली हवे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. उन्हात तापलेल्या टाकीचे किंवा काळ्या नळीतले पहिले पाणी घेऊ नका. थंड पेटीतून काढलेला पुडा सावलीत वीस-तीस मिनिटे ठेवून मगच पाण्यात घाला.

पूड थेट पंपात ओतू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घ्या. स्पंजमधला माल असेल तर स्पंज पाण्यात चार-पाच वेळा बुडवून पिळा. मूळ द्रावण झाल्यावर दोन तासांत संपवा. सूत्रकृमी पाण्यात राहू शकतात, पण दाटीत त्यांना प्राणवायू पुरत नाही.

पंपातली आणि नोझलमधली बारीक जाळी काढून टाका. जाळीची छिद्रे ०.३ मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर सूत्रकृमी तिथेच अडकतात. दाब २० बारच्या खाली ठेवा, हातपंपात हा प्रश्न येत नाही. पॉवर पंपात पाणी पुन्हा पुन्हा टाकीत फिरवले की ते तापते, त्यावर हात ठेवून लक्ष द्या.

सूत्रकृमी जड असतात आणि तळाशी बसतात. पाच मिनिटे न हलवलेल्या टाकीत पहिल्या ओळीला नुसते पाणी आणि शेवटच्या ओळीला सगळे सूत्रकृमी मिळतात. पाठीवरचा पंप चालताना हलत राहतो, तरी ओळीच्या टोकाला थांबलात की एकदा हलवा. मूळ द्रावण दर वेळी काढताना तळापासून ढवळा.

ठिबकमधून सोडताना द्रावण फिल्टरच्या पुढे आत घ्या, नाहीतर ते फिल्टरमध्येच राहील. आधी साध्या पाण्याने लॅटरल, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्या, पूर्ण भरू द्या, मग द्रावण सोडा, नंतर किमान वीस मिनिटे साधे पाणी चालवा. लांब लॅटरलच्या टोकाला वेग मंदावतो आणि सूत्रकृमी नळीतच बसतात. म्हणून टोकाच्या ड्रिपरखाली वाटी ठेवा आणि त्यातल्या पाण्यात ते दिसतात का, ते भिंगाने तपासा. ठिबकने भिजलेल्या पट्ट्यापुरतेच काम होते, हेही धरून चाला.

पायरी ९ : कशाबरोबर चालते, कशाबरोबर नाही

टाकीत सूत्रकृमींबरोबर दुसरे काहीही मिसळू नका. खत नाही, चिकट द्रव्य नाही, बुरशीनाशक नाही. जमिनीतून दिलेली ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके, तसेच सूत्रकृमीनाशके यांच्या आधी आणि नंतर निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. युरियाचा मोठा हप्ता आणि कच्चे शेणखत त्याच आठवड्यात देऊ नका. करप्यासाठी पानांवर होणाऱ्या फवारण्या चालू ठेवता येतात, मात्र त्याच दिवशी नको.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि मेटाऱ्हायझियमसारख्या जैविक उत्पादनांशी त्यांचे सहसा वैर नसते. तरी स्वतंत्रपणे सोडा.

पायरी १० : परिणाम कसा पाहायचा

हुमणी नसेल तर पाच-सहा दिवसांनी, हुमणी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, पायरी १ मधल्या त्याच ठिकाणांच्या शेजारी उकरा. शेताच्या एका तुकड्यात मुद्दाम सूत्रकृमी न सोडता तो राखून ठेवला असेल तर तुलना खरी होते. नाहीतर कीड आपोआप कोषात गेली की सूत्रकृमींनी मारली, हे कळणार नाही.

मेलेली अळी हातात घेऊन पाहा. हेटरोऱ्हॅब्डिटिसने मारलेली अळी विटेसारखी तांबूस होते आणि पूर्ण अंधारात डोळे सरावल्यावर अंधुक चमकते, कारण फोटोऱ्हॅब्डस प्रकाश देणारे जिवाणू आहेत. स्टायनर्नेमाने मारलेली अळी फिकट पिवळसर ते तपकिरी होते. दोन्ही अळ्या लिबलिबीत असतात, पण त्यांना सडका वास येत नाही. काळी पडलेली, घाण वास मारणारी अळी दुसऱ्याच कारणाने मेलेली आहे. पांढरी किंवा हिरवी बुरशी चढून कडक झालेली अळी बुरशीने मेलेली.

खात्री करायची असेल तर १९२७ साली जी. एफ. व्हाइट यांनी मांडलेली सोपी मांडणी वापरा. मोठ्या बशीत थोडे पाणी, त्यात उपडी ठेवलेली लहान बशी, तिच्यावर फिल्टर कागद असा की कडा पाण्याला टेकतील, आणि कागदावर मेलेली अळी. झाकण ठेवून सावलीत ठेवा. आठ ते पंधरा दिवसांत पाण्यात धुक्यासारखे पांढरट काही दिसू लागले की भिंगाखाली हजारो सूत्रकृमी वळवळताना दिसतील. हा तपासणीचा प्रयोग आहे. अशा बशीतला माल शेतासाठी वाढवू नका, त्यात दुसऱ्या जिवाणूंची भेसळ सहज होते आणि संख्या कधीच पुरत नाही.

अळ्या सापडतच नसतील तर मेणकिड्याच्या पाच अळ्या, म्हणजे मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यात मिळणाऱ्या, बारीक जाळीच्या डबीत मातीसह घालून वरंब्यात १० सेंटिमीटर खोल पुरा. चार-पाच दिवसांनी काढा. तीन-चार अळ्या वरच्या रंगाच्या होऊन मेलेल्या असतील तर सूत्रकृमी जमिनीत काम करत आहेत. सगळ्या जिवंत असतील तर दोष साठवण, ऊन किंवा ओलावा यांपैकी कशात तरी आहे, आणि पायरी ६ ची नोंद पाहिली की साठवणीचा दोष होता का ते लगेच कळते.

पुन्हा कधी सोडायचे

सोडलेल्यांपैकी बरेच पहिल्या काही दिवसांतच मरतात. उरलेले चांगल्या ओलाव्यात काही आठवडे टिकतात, आणि मरणाऱ्या अळ्यांतून त्यांची पुढची पिढी निघते. तरीही ते जमिनीत कायमचे वसले असे गृहीत धरू नका. कटवर्मची दुसरी पिढी दिसली किंवा पहिल्या वेळी मेणकिड्याच्या अळ्या वाचल्या, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सोडा. पुढच्या हंगामात पुन्हा उकरून मोजा आणि कीड नसेल तर सोडू नका. हे सूत्रकृमी जमिनीतल्या इतर कीटकांनाही मारू शकतात, आणि त्यांत कामाचे कीटकही असतात.

काढलेल्या बटाट्याच्या साठवणीत यांचा उपयोग नाही. तिथे कोरडे वातावरण असते आणि असायलाही हवे. काढणीनंतर पाकोळीसाठी कंद उघड्यावर रात्रभर न ठेवणे, भोके पडलेले कंद बाजूला काढणे आणि शेतात राहिलेले कंद वेचणे एवढेच करा.